दारातला मांडव आणि बाईचे मोकळे हात

तुळशीचं लग्न लागलं, की घराघरांत भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरतं. मुहूर्त पाहिले जातात, कार्यालयांच्या तारखा विचारल्या जातात आणि दुपारी ओट्यावर बसलेल्या बायकांच्या गप्पांना दुसरा विषय उरत नाही. हल्ली या गप्पांमध्ये एक गमतीची गोष्ट ऐकायला मिळते. शहरातल्या लोकांना गावाकडचं लग्न हवंय आणि गावाकडच्या लोकांना शहरातलं!

पुण्या-मुंबईची मंडळी रिसॉर्ट शोधत मुळशीला, कर्जतला, अलिबागला जातात. तिथे नवरी बैलगाडीतून येते. झाडांना कंदील टांगलेले असतात. चुलीवरच्या भाकरीचा वेगळा काउंटर असतो आणि कोपऱ्यात एक जातंही मांडलेलं असतं. त्याच्या खुंट्यावर हात ठेवून फोटो काढायचा, दळायचं काही नाही. इकडे आमच्या खेड्यातल्या मुलीला मात्र तालुक्याच्या हायवेवरचं लॉन हवं असतं. तिथे कारंजं असतं, कमान असते, नवरा-नवरी येताना धूर सोडायचं यंत्र असतं. जिच्या दारात खरा कडुनिंब आहे ती प्लास्टिकच्या फुलांचे पैसे मोजते, आणि जिच्या दारात काहीच नाही ती कडुनिंबाच्या सावलीचं भाडं भरते. दोघींच्याही वडिलांचा खिसा सारखाच हलका होतो.

मला स्वतःला दारातलं लग्न आवडतं. आपलं अंगण, खळं, शेतातली आंब्याखालची जागा, नाहीतर देवळासमोरचं पटांगण. मोजकी माणसं, सगळे ओळखीचे चेहरे, कोणाला घाई नाही. "चला, पुढची पार्टी आली, हॉल रिकामा करा," असं म्हणायला मॅनेजर नाही. नवरीला तिच्या आजीजवळ दहा मिनिटं बसता येतं. माझ्या मते असं लग्न कोणत्याही लॉनवरच्या लग्नापेक्षा जास्त आपलं असतं.

आणि हे जमत नाही असंही नाही. आपण सगळ्यांनी ते करून पाहिलंय. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा होती. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या राज्यात ती पंचवीसवर आली आणि दोन तासांत सगळं उरका, असा नियम झाला. त्या दिवसांत ओसरीवर, गच्चीवर, गोठ्यापुढच्या मोकळ्या जागेत लग्नं लागली. ती काही कच्ची निघाली नाहीत. त्यातल्या कितीतरी जोडप्यांची मुलं आता अंगणवाडीत, शाळेत जाताहेत. त्या वेळी सगळेच म्हणत होते, "बरं झालं बाई, खर्च वाचला. असंच असायला हवं." मर्यादा उठली आणि आपण पुन्हा हजाराच्या यादीवर आलो.

या हजाराच्या यादीची किंमत मला बचत गटाच्या कामात दिसते. कर्जाच्या अर्जावर कारण लिहावं लागतं. कोणी 'दुभतं जनावर' लिहितं, कोणी 'घरदुरुस्ती'. म्हैस काही दारात येत नाही, भिंतीला रंगही लागत नाही. चार महिन्यांनी पत्रिका येते, तेव्हा उलगडा होतो. मग ती बाई दर महिन्याला हप्ता भरते. कधी मजुरीतून, कधी कोंबड्या विकून, कधी दुसऱ्या गटातून उचल घेऊन. मुलीचं पहिलं बाळंतपण आलं तरी लग्नाचे हप्ते फिटलेले नसतात. हुंडा देणं-घेणं १९६१ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, हे आता सगळ्यांना पाठ आहे. म्हणून हुंडा कोणी मागत नाही. "आम्हाला काही नको, फक्त लग्न तेवढं तोलामोलाचं करून द्या," असं म्हणतात. गोड शब्दांत मागितला तरी तो हुंडाच.

तेव्हा लग्न दारात करा, साधं करा, आपल्या माणसांत करा, असं मी बोलू लागले, की आमच्या मोठ्या जाऊबाई हसतात. त्यांनी घरातली पाच लग्नं मांडवात काढली आहेत. त्या म्हणतात, "तुला ओव्या आठवतात गं. मला परात आठवते."

त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही. घरच्या लग्नाच्या आठवणी जो तो गहिवरून सांगतो, पण त्या सांगणाऱ्यांत पुरुषच जास्त असतात. घरातल्या बायकांना विचारा. महिनाभर आधीपासून पापड, कुरडया, शेवया. धान्य निवडणं, हळद कुटणं, सारवण, पोतेरं. चाळीस पाहुणे मुक्कामाला, त्यांचा दिवसातून चार वेळा चहा, त्यांची अंथरुणं, त्यांच्या पोरांचं दूध. लग्नाच्या दिवशी पहाटे तीनला उठलेली बाई रात्री बाराला खरकटी भांडी मोजत असायची. मंगलाष्टकं तिला स्वयंपाकघरातूनच ऐकू यायची. मंगल कार्यालयं आली तेव्हा या बायकांनी पहिल्यांदा लग्नात बसून लग्न पाहिलं. कार्यालयाला नावं ठेवण्याआधी एवढं तरी मान्य करायलाच हवं.

म्हणून माझी दारातल्या लग्नाला एकच अट आहे. मुहूर्ताच्या वेळी घरातली एकही बाई चुलीपाशी नको. आजीपासून धाकट्या जावेपर्यंत सगळ्या मांडवात, नीट नेसून-सवरून, हातात अक्षता घेऊन. हे जमणार असेल तर लग्न दारात करावं. जमणार नसेल तर सरळ कार्यालय घ्यावं आणि साधेपणाच्या गप्पा मारू नयेत. एका बाईच्या जिवावर बाकीच्यांनी निवांत व्हायचं, याला साधं लग्न म्हणत नाहीत.

ही अट पाळायची तर आखणी कार्यालयातल्या लग्नापेक्षा जास्त करावी लागते. निवांतपणा आपोआप येत नाही, तो आधी वहीत मांडावा लागतो.

सुरुवात यादीपासून. यादी नेहमी घरातला कर्ता पुरुष करतो आणि त्यात त्याचे सोसायटीतले, दूध डेअरीतले, पक्षातले लोक आधी येतात. मुलीच्या मैत्रिणी शेवटच्या पानावर आणि आईच्या माहेरची माणसं समासात. हे उलटं करून पाहा. पहिलं पान मुलामुलीने लिहायचं. त्यांना आपल्या लग्नात कोण हवं? शाळेतल्या बाई, एस.टी.त रोज जागा धरून ठेवणारी मैत्रीण, लहानपणी सांभाळणारी शेजारची मावशी. दुसरं पान दोन्हीकडच्या आयांचं. उरलेल्या जागेत बाकीचे. दोन्ही घरांची मिळून दोनशे माणसं पुष्कळ झाली.

पण गावात हे सोपं नाही, हेही मला माहीत आहे. गावात चूलबंद आवतणाची पद्धत असते. त्या दिवशी भावकीतल्या कोणाच्याही घरी चूल पेटायची नाही. एकाला बोलावलं आणि दुसऱ्याला वगळलं, तर पुढची दहा वर्षं बांधावरून भांडण. यावर आमच्या भागातल्या काही घरांनी चांगला मार्ग काढला. लग्नाला भावकीतून घरटी एक माणूस, तेही आधी घरोघरी जाऊन, समजावून. आणि लग्नानंतर जोडप्याला घेऊन ग्रामदैवताच्या देवळात सगळ्या गावाला संध्याकाळी चहा आणि बुंदी. कोणी रुसलं नाही असं नाही, पण रुसवा आठवड्याने गेला. कर्ज आठवड्याने जात नाही.

मग तारीख. पंचांगाच्या आधी विहिरीत डोकावून बघावं. वैशाखात शेतं मोकळी असतात, मुलांना सुट्ट्या असतात, कोकणात चाकरमानी आलेले असतात, ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परतलेली असतात. म्हणून सगळी लग्नं तेव्हाच. पण तेव्हाच विहीर तळाला गेलेली असते आणि वळवाचा पाऊस मांडव उडवतो. माघ-फाल्गुनात विहिरीला पाणी असतं, ऊन सोसवतं, अंगणात बसावंसं वाटतं. गहू-हरभऱ्याची काढणी तेवढी मध्ये येते, ती बघून दिवस धरायचा. पाण्याचा माझा हिशेब साधा आहे. पिणं, स्वयंपाक, हात धुणं, भांडी, संडास मिळून माणशी वीस लिटर धरायचं. दोनशे माणसांना चार हजार लिटर. आपल्या विहिरीतून एवढं निघणार नसेल, तर पाच हजारांचा एक टँकर आधीच सांगून ठेवायचा. लग्नाच्या सकाळी हंडा घेऊन धावायला कोणी बाई मोकळी नसते.

वेळही आपल्या सोयीची घ्या. भर दुपारी साडेबाराचा मुहूर्त धरून माणसांना उन्हात तापवण्यापेक्षा सकाळी दहा किंवा गोरज बरी. गोरज घेतली तर दिवे लागतात. शेतातल्या पंपाची वीज आठ तासच येते आणि कधी दिवसा, कधी रात्री येते. म्हणून महावितरणकडून लग्नापुरती तात्पुरती जोडणी रीतसर मागून घ्या. तारेवर आकडा टाकून लावलेल्या दिव्यांखाली लेकरं खेळणार असतात, हे विसरू नका. लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद करावाच लागतो, तसा नियमच २००० सालापासून आहे.

जागा निवडताना दोन गोष्टी पाहायच्या, ज्या लॉनवर पाहाव्या लागत नाहीत. जवळ कडब्याची गंजी आहे का? असेल तर फटाक्याचं नाव काढायचं नाही. आणि ज्या झाडाखाली मांडव घालणार, त्याच्या फांद्यांकडे मान वर करून नीट बघायचं. चुलीचा धूर आग्या मोहळाला लागला, की वऱ्हाडाची पळापळ होते आणि हसण्यावारी न्यायची ती गोष्ट नाही.

आता मी एक असा विषय काढते, जो कोणत्याही बैठकीत निघत नाही. बायकांनी जायचं कुठे? शेतावरच्या मांडवात पुरुष कुठेही आडोसा शोधतात. आठवारी नेसलेली नवरी, गुडघे दुखणारी आत्या, पाळी आलेली करवली यांनी काय करायचं? कितीतरी बायका लग्नाच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात. दोनशे माणसांच्या लग्नात बायकांसाठी निदान चार संडास हवेत. फिरतं शौचालय भाड्याने मिळत असेल तर उत्तम. नसेल तर शेजारच्या चार घरांना आधी विचारायचं. तिथे बादली, मग, साबण ठेवायचा, कडी लागते का ते बघायचं आणि वाटेवर एक दिवा लावायचा. पाण्याची पिंपं भरत राहायला दोन मुलांची नेमणूक करायची. स्टेजच्या फुलांना खर्च करण्याआधी हा खर्च करा.

स्वयंपाकाचं सांगते. दारातलं लग्न म्हणजे घरच्यांनी रांधायचं, हा समज सोडून द्या. आचारी बोलवायचा. पोळ्या, निवडण-टिपण, भांडी या कामांना गावातल्या बचत गटाच्या बायकांना सांगायचं आणि रोजगार ठरवून तो त्याच संध्याकाळी हातात द्यायचा. "आपलीच माणसं आहेत, साडी-चोळी देऊ," असं म्हणून कोणाचं काम फुकट घ्यायचं नाही. त्यांच्या हाताला काम मिळतं, आपल्या हाताला अक्षता मिळतात.

पदार्थ थोडे ठेवा. आमच्याकडे वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात, कोशिंबीर, बुंदी आणि मठ्ठा एवढ्यावर माणसं तृप्त होतात. खानदेशात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असली, की दुसरं काही कोणी विचारत नाही. विदर्भात रोडग्यांच्या पंगतीला तोड नाही. जिथलं लग्न तिथलं ताट. दोनशे पानांना वीस किलो तांदूळ, आठ किलो तूरडाळ, पंचवीस किलो वांगी असा अंदाज आमचे आचारी देतात. चायनीज, चाट, सहा प्रकारचे पापड यांनी ताट भरतं आणि तेच मग उकिरड्यावर जातं. पंगत घातली तर वाढणारा विचारून वाढतो, अन्न वाया जात नाही. वाढायला नवऱ्या मुलाचे मित्र आणि नवरीचे भाऊ असावेत. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, ते बरंच झालं. पळसाच्या पत्रावळी घ्या. जेवण झालं की त्या खताच्या खड्ड्यात जातात आणि लावणारणीला चार पैसे मिळतात.

बाकीच्या कामांसाठी आपल्याकडे जुनी रीत आहेच. शेतात एकमेकांच्या कामाला जायची पद्धत कुठे सावड म्हणून ओळखली जाते, कुठे वारंगुळा, कुठे इर्जिक. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. लग्नालाही तीच सावड लावावी. वहीच्या एका पानावर कामं लिहायची आणि प्रत्येकापुढे एकच नाव. मांडव आणि खुर्च्या काकांकडे. पाणी दोन चुलतभावांकडे. पाहुण्यांचा चहा मामांकडे. हो, मामांकडेच. गॅस पेटवायला मिशी आड येत नाही. रुखवतावर लक्ष एका भावाचं, म्हाताऱ्या माणसांना आणणं-पोचवणं दुसऱ्याचं, आचाऱ्याचा हिशेब वडिलांचा. आणि त्या पानाच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहायचं, 'मुलीच्या आईकडे आज काहीही काम नाही.'

आता विधींचं. लग्न आपलं वाटायचं असेल तर त्यात आपण काय करतोय, ते करणाऱ्याला कळायला हवं. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे. ज्या लग्नांत सप्तपदीची रीत आहे, तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं, असं तो कायदा सांगतो. डीजे, वरात, केक, ड्रोन यांतलं काहीच त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मधल्या एका निकालात हेच बजावलं, की लग्न म्हणजे गाणं-बजावणं, खाणं-पिणं आणि देणीघेणी नव्हेत. रीतसर विधी नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही, असंही त्यात म्हटलं. तेव्हा भटजींना आधीच भेटून सांगा, की सात पावलं घाईने उरकू नका, प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत सांगा. पाच मिनिटं जास्त लागतील, पण ती पाच मिनिटं त्या दोघांच्या लक्षात राहतील.

ज्यांना भटजी नको असतील, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात जुनी वाट आहे. जोतिराव फुल्यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. त्यात सावित्रीबाईंचा पुढाकार होता. जोतिरावांनी पुढे मंगलाष्टकं मराठीत लिहिली आणि त्यांत वधू-वरच एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांबद्दल विचारते आणि वर तिला शब्द देतो. दीडशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे आणि आपण अजून नवरीला मान खाली घालून उभं करतो! बौद्ध पद्धतीच्या लग्नातही वंदना, त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा आणि पुष्पहार एवढंच असतं. थोडक्यात, नेटकं.

एक विधी मात्र मला प्रत्येक लग्नात बदललेला पाहायचाय. काही घरांत मुलीच्या आईने लग्न लागताना पाहायचं नाही, तुळशीला पाणी घालत बसायचं, अशी पद्धत आहे. आणि आई विधवा असेल तर विचारायलाच नको. मुलीला वाढवलं तिने, शिकवलं तिने, लग्नाचा पैसा उभा केला तिने, आणि हळद लावायला बोलावणं कोणाला? काका-काकूंना. ती माउली दाराच्या फटीतून बघते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांबाबतच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. पण ठराव ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहतो, हळद घरात लागते. कार्यालयात चारशे परके डोळे असतात, तिथे आपण बिचकतो. दारातल्या लग्नात तर सगळी आपलीच माणसं असतात. तिथे आईच्या हाताने पहिली हळद लागली नाही, तर त्या लग्नाला घरचं म्हणायचं तरी कशासाठी?

घरचेपणासाठी विकतचं काही लागत नाही. घाणा भरताना घरातल्या म्हाताऱ्या बायकांना जात्यावरची एखादी ओवी म्हणायला सांगा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. तुमच्या आजीला येणाऱ्या चार ओव्या कदाचित त्यातही नसतील. त्या नातीच्या लग्नात म्हटल्या जाऊ द्यात आणि एखाद्या पोराने त्या मोबाइलवर टिपून ठेवाव्यात. उखाणा नवऱ्यानेही घ्यावा. देवकाला लागणारी पाच झाडांची पालवी दोघांनी मिळून तोडून आणावी आणि त्यांतलं एखादं झाड त्या वर्षी लावावं.

काढून काय टाकायचं, तेही सांगते. पहिली गोष्ट मानपानाच्या साड्या. या साड्या कोणी नेसत नाही. त्या या कपाटातून त्या कपाटात फिरत राहतात आणि पाचव्या लग्नात आपलीच साडी आपल्याला परत येते. मैत्रिणींनो, हे थांबवणं पूर्णपणे आपल्या हातात आहे, त्यासाठी कोणत्याही पुरुषाची परवानगी लागत नाही. दोन्हीकडच्या बायकांनी बसून एकदा ठरवायचं, साडी देणं नाही, घेणं नाही. दुसरी गोष्ट सत्कार. नवरा-नवरी अंतरपाटामागे ताटकळत उभे आणि माइकवरून एकेका पुढाऱ्याला शाल-श्रीफळ, फेटा, दोन शब्द. मुहूर्त टळून तास होतो तरी शुभाशीर्वाद संपत नाहीत. त्या दिवशी आशीर्वादाला आई-वडील आहेत, बाकीच्यांनी मनातून दिले तरी पोचतात. माइक भाड्याने आणलाच नाही, तर हा प्रश्न मुळातच मिटतो.

आणि खर्च दोघांनी अर्धा-अर्धा. मुलाच्या घरच्यांना हे कोण सांगणार, असं आपण म्हणतो. पण आपल्यातली निम्मी मंडळी मुलाच्याही आया आहेत. आपला मुलगा बोहल्यावर चढेल, तेव्हा आपणच आधी सांगायचं, "लग्न तुमच्या दारात, खर्च दोघांचा, वऱ्हाड पन्नासच." मुलाच्या आईचा शब्द अजून तरी कोणी मोडत नाही. हा मान चांगल्या कामाला वापरावा.

लग्न झाल्यावर एक काम विसरू नका. आपल्या राज्यात १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नाची नोंदणी नव्वद दिवसांच्या आत करायची असते. गावात ती ग्रामपंचायतीतच होते, तीन साक्षीदार लागतात. नाव बदलायचं की नाही, हेही मुलीला त्याआधी विचारा. उद्या पासपोर्ट, बँक, वारसा, काहीही निघालं तरी तो कागद लागतो. हजार माणसं जेवून गेली याचा पुरावा कोणी मागत नाही.

यंदा तुमच्या घरी कार्य असेल तर नवी वही आणाल. पहिल्या पानावर श्रीगणेशा लिहाल, तो लिहाच. त्याच्या खालच्या ओळीत पाहुण्यांची नावं लिहिण्याआधी घरातल्या सगळ्या बायकांची नावं लिहा. आजी, आई, काकू, आत्या, वहिनी, जाऊ, मोठी ताई. प्रत्येकीच्या नावापुढे लिहा, अक्षता पडतील तेव्हा ही कुठे असेल. सगळ्यांपुढे 'मांडवात' असं लिहून झालं, की मग मांडववाल्याला फोन करा.